हसायचीही भीती!

बचत गटाच्या बैठकीत एखादा वात्रट किस्सा निघाला की बायका पोट धरून हसतात, असं आपण म्हणतो. बैठका घेता घेता माझ्या लक्षात आलं, की पोट धरणाऱ्या त्या सगळ्या तरुण. चाळिशीपुढच्या बायका पाय आवळतात. मांडीवर मांडी टाकतात, एखादी तोंडावर पदर दाबून हसू गिळून टाकते, एखादी हसता हसताच उठून मोरीकडे धावते. मग कुणीतरी म्हणते, "हासवू नका वो ताई, मले सुटते!" यावर सगळ्या आणखी हसतात. आणि विषय तिथंच संपतो, कारण पुढे बोलायला कुणी तयार नसतं.

खोकला आला, शिंक आली, पाण्याचा गुंड डोक्यावर चढवला की लघवीचे थेंब सुटतात. कधी थेंब, कधी लुगडं बदलावं लागेल इतकी. कुणाला ‘लागली’ असं वाटलं की मोरीपर्यंत पोहोचायची उसंत मिळत नाही. कुणाला दिवसभर कामावर उभं राहिल्यावर संध्याकाळी खाली काहीतरी ओढल्यासारखं, जड जड वाटतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. कुणाला बसताना जागेवर गोळा लागतो. या शेवटच्या दुखण्याला आपल्याकडे नाव आहे, ‘अंग बाहेर येणं’. किती नेमकं नाव आहे बघा. गर्भाशयाला आपल्या आज्या-पणज्यांनी ‘अंग’ म्हटलं, जणू तेवढंच बाईचं अंग. पण हे नाव चारचौघांत घेतलं जात नाही. जावेच्या कानात, फार तर दाईच्या कानात सांगितलं जातं. दवाखान्यात गेलं की त्याचं होतं ‘कंबर दुखते’. पांढरं जातं हेसुद्धा बाई एकवेळ सांगेल, पण लघवी सुटते हे सांगायची तिला लाज वाटते. लघवी सुटणं म्हणजे लहान लेकराचं नाही तर मरणाला टेकलेल्या म्हातारीचं लक्षण, अशी आपली समजूत. चार माणसांचं करणाऱ्या, घर चालवणाऱ्या बाईनं ते कसं सांगावं?

मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जाणकारांना विचारून, वाचून जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

आपल्या कमरेच्या हाडांच्या तळाशी, समोरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर ताणून बसवलेला असतो. बाजेची कल्पना करा. चारी बाजूंना लाकडी चौकट आणि मध्ये विणलेली सुतळी. या सुतळीवर तीन जणी बसलेल्या असतात. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय. त्यांच्या तीन वाटा याच विणीतून बाहेर जातात आणि त्या वाटांची दारं लावणं-उघडणं हे कामही बरंचसं याच स्नायूंचं. आता सुतळी सैल झाली की बाज मध्ये खचते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसंच इथं. पुढची बाजू खचली की लघवी सुटते, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. मधली खचली की अंग खाली येतं. मागची खचली की शौचाला साफ होत नाही, वायू धरता येत नाही. बऱ्याच जणींना यातलं एकाहून जास्त असतं.

सुतळी सैल का होते? बाळंतपण हे पहिलं आणि मोठं कारण. बाळाचं डोकं या विणीतूनच वाट काढतं, ती पार ताणली जाते. कळा देण्यात फार वेळ गेला, बाळ मोठं असलं, चिमटा लावून ओढावं लागलं, तर जास्त. सिझेरियन झालं म्हणून सुटलो असंही नाही, नऊ महिने वजन पेललेलं असतंच. धोका कमी होतो, संपत नाही. पण बाळंतपण सगळ्यांचंच होतं आणि त्रास सगळ्यांना होत नाही. उरलेली कारणं आपल्या जगण्यात आहेत. वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ, वजन उचलणं, अंगावर मांस नसणं किंवा उलट फार लठ्ठपणा, आणि पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होणं. आता या यादीवर आपल्या जिल्ह्यातली बाई ठेवून पाहा. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, दिवाळीच्या पुढेमागे सोयाबीन, नंतर कापूस. कापूस वेचताना कमरेला फडकं बांधलेलं असतं, ते भरत जातं, भरलं की त्याचं गाठोडं डोक्यावर. घरी येताना मोळी. घरी आल्यावर चूल. गॅसची शेगडी २०१६ नंतर बऱ्याच घरांत आली हे खरं, पण सिलेंडर संपलं की भाकरी चुलीवरच होते आणि तिचा धूर छातीत साठलेला असतो. खोकला आला की पोटातला सगळा दाब त्या सैल विणीवर आदळतो. खोकल्याची गोळी आपण घेतो, खाली काय होतंय ते कुणी बघत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घरात ठेवायची रीत आहे. त्यातल्या सोवळ्याओवळ्याचा भाग सोडून द्या, पण बाईला उचलू-वाकू द्यायचं नाही, डिंकाचे लाडू द्यायचे, शेक द्यायचा, यामागे शहाणपण होतं. ताणलेल्या विणीला पुन्हा आवळायला वेळ लागतो. मात्र हा सव्वा महिना कुणाच्या वाट्याला येत होता? ज्या घरात शेती होती आणि कामाला गडी-बायका होत्या, त्या घरातल्या लेकीसुनांच्या. त्या घरच्या रानात राबणारी मजूर बाई पंधराव्या-विसाव्या दिवशी लेकरू झाडाखाली झोळीत टाकून निंदणाला उभी राहायची. आजही राहते. सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. ते वाईट नाही. पण ते हप्त्यांनी खात्यात जमा होईपर्यंत ती कामावर गेलेली असते. विश्रांती ही गोष्ट आपण कायम श्रीमंतीचा भाग मानली, औषधाचा भाग कधी मानलीच नाही. आणि रीतीतली एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली ती इथं सांगून टाकते. पोट ‘आत जावं’ म्हणून ते करकचून बांधतात. फार आवळून बांधलं की दाब खाली जातो, जिथं आधीच ताण आहे तिथं. बांधायचंच तर आधारापुरतं बांधावं.

हे दुखणं किती जणींना असेल? इथं मला गडचिरोली जिल्ह्यातली गोष्ट सांगायला हवी. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीला जाण्याआधी काही वर्षं आपल्या वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम करत होते. पुढे गडचिरोलीला गेल्यावर त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत, गावातल्या सगळ्या बायका, त्रास सांगणाऱ्या आणि न सांगणाऱ्याही. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. आतून तपासणी पूर्वी कधी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त ८. तोपर्यंत जगभर बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मानत. गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असतं, हे या दोन गावांतल्या बायकांनी जगाला दाखवलं. तो अभ्यास सगळ्याच स्त्रीरोगांचा होता, एकट्या अंग बाहेर येण्याचा नव्हे. पण माझं म्हणणं त्यातल्या त्या ८ च्या आकड्याशी आहे. बाई तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही, तर तिचं दुखणं कागदावर येणार कुठून?

आणि पोहोचली तर काय होतं? इथं माझा राग आहे. एक बाई मला म्हणाली, "ताई, मी म्हटलं लघवी सुटते, तं डॉक्टर म्हणे पिशवी काढून टाका, कायले ठेवता आता?" दोन लेकरं झालेली, वय सदतीस. पिशवी म्हणजे गर्भाशय. लघवीच्या पिशवीचं दुखणं आणि काढायची दुसरीच पिशवी! गर्भाशय काढल्यानं बाजेची सुतळी घट्ट होत नाही. लघवी सुटणं तसंच राहू शकतं. इतकंच काय, गर्भाशय काढल्यावर पुढे काही वर्षांनी योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी सगळ्यांनी वाचली. सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मुकादमाकडचा दंड, फडावर संडास नाही, पाळीत सुट्टी नाही, आणि ‘कॅन्सर होईल’ ही भीती, असं सगळं त्यात होतं. आपल्याकडे ऊस नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका. ‘पिशवी काढली’ हे वाक्य आपल्या गल्लीत किती जणी सहज बोलतात ते मोजून बघा.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. अंग पूर्ण बाहेर आलेलं असेल, घासून जखम होत असेल, लघवी अडत असेल, तर ऑपरेशन लागतं आणि ते करून घेतलेल्या बायका सुखानं शेतात जाताना मी पाहिल्या आहेत. म्हणणं इतकंच की ती पहिली पायरी नाही. त्याआधी व्यायाम आहे. आत बसवायची रिंग आहे, सिलिकॉनची साधी कडी, जी अंगाला खालून आधार देते, काढता येते, धुता येते. ज्या म्हातारीला भूल द्यायची भीती असते तिच्यासाठी तर ती वरदान आहे. आणि ऑपरेशनच करायचं तर गर्भाशय जागेवर ठेवून त्याला वर बांधून घेण्याचेही प्रकार आहेत. गंमत म्हणजे त्यातले नावाजलेले प्रकार आपल्याच माणसांचे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भपिशवीच्या तोंडाच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात, पण अंग वर बांधायची त्यांची पद्धतही पुस्तकांत त्यांच्या नावानं शिकवतात. मुंबईच्या पुरंदऱ्यांच्या नावाचीही एक आहे. आपल्याकडे कोवळ्या वयाच्या, अजून मूल हवं असलेल्या बायकांची अंगं बाहेर यायची. त्यांची पिशवी काढून कसं चालेल, या अडचणीतून या पद्धती निघाल्या. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मराठी डॉक्टरांनी पिशवी वाचवायला डोकं चालवलं, आणि आज सदतिसाव्या वर्षी ‘कायले ठेवता’ असं विचारलं जातं.

आता व्यायामाचं. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला म्हणून त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. योगाच्या वर्गाला जाणाऱ्यांना मूलबंध ठाऊक असेल, हे त्याच्याच जवळपासचं आहे. यासाठी मॅट नको, सलवार नको, पैसे नकोत, आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना कळतही नाही. कसं करायचं? चारचौघांत बसलोय आणि वायू सरणार असं वाटतंय, तो धरून ठेवायला आपण जे आवळतो ते आवळा. तसंच पुढे, लघवी अडवल्यासारखं. दोन्ही मिळून आत आणि वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. मनात पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग सोडा, आणि तेवढाच वेळ मोकळं राहा. हे सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला झोपून, जमायला लागलं की बसून, मग उभं राहून. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही. बऱ्याच जणी तेच आवळतात आणि दहा दिवसांनी म्हणतात, फरक नाही पडला. काही जणी तर आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, त्यानं उलट बिघडतं. लघवी करताना मध्येच थांबवून पाहायचं हे फक्त एकदा, स्नायू ओळखण्यापुरतं. रोज तसं करू नका.

फरक पडायला तीन महिने तरी द्यायला हवेत. बाजेची सुतळी एका दिवसात आवळता येते, स्नायूंचं तसं नसतं. आणि एक युक्ती, जिचा उपयोग पहिल्या आठवड्यापासून होतो. खोकला, शिंक येणार असं वाटलं, किंवा गुंड उचलायला वाकलो, की त्याच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं. आमच्या गटातली एक आजी याला ‘दार लावून घेणं’ म्हणते. "खोकला आला का आधी दार लाव, मंग खोकल," असं सुनेला शिकवते.

मात्र हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. काही जणींचे हे स्नायू सैल नसून सतत आखडलेले असतात. त्यांना खाली दुखतं, संबंधाच्या वेळी फार दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांनी आवळत बसलं तर दुखणं वाढू शकतं. त्यांना सोडायला शिकावं लागतं आणि ते शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागते. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि मान, एवढंच आपल्याला माहीत. हेही त्यांचंच काम आहे. आपल्या सावंगी (मेघे) इथं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, हे किती बायकांना माहीत आहे?

पाण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. लघवी सुटते म्हणून बाई पहिली गोष्ट काय करते, तर पाणी पिणं सोडते. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळिसावर जातो. त्या उन्हात बाहेर पडायचं असलं की ती सकाळपासून घोटभर पाण्यावर राहते. मग लघवी पिवळीजर्द, जळजळ, इन्फेक्शन, मुतखडा. आणि गंमत अशी की दाट लघवीनं पिशवी चिडते आणि जास्त वेळा लागते. शिवाय बद्धकोष्ठ वाढतं, कुंथावं लागतं, म्हणजे पुन्हा त्याच विणीवर जोर. पाणी सोडून दुखणं कमी होत नाही, चार नवी येतात.

पण नुसतं ‘पाणी प्या’ म्हणणाऱ्यांचाही मला वैताग येतो. प्यायल्यावर जायचं कुठं? मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. आर्वी, हिंगणघाट, कारंज्याहून बायका हिंडायला लागल्या. माहेरी, बाजाराला, दवाखान्याला. फार चांगलं झालं. मात्र स्टँडवर उतरल्यावर जी मुतारी दिसते, ती पाहून पुढच्या वेळी निघताना त्या चहासुद्धा घेत नाहीत. कडी नाही, पाणी नाही, दारात बसलेला माणूस पैसे मागतो. २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या संस्थांनी एकत्र येऊन याच प्रश्नावर चळवळ उभी केली, ‘राइट टू पी’ नावाची. नावाला लोक हसले. महानगरपालिकेला मात्र त्यांच्याशी बोलणं भाग पडलं. आपल्या नगरपालिकांत आणि ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तालुक्याच्या बाजारात बायकांची मुतारी कुठे आहे, हा प्रश्न सभेत किती जणींनी विचारला? सरपंच मैत्रिणींनो, विचारा. लाजायचं ते ज्यांनी बांधली नाही त्यांनी.

कुणी म्हणेल, अहो ताई, वयाबरोबर होणारच. गुडघे दुखतात तसं हे. मला हे पटत नाही. मोतीबिंदूही वयाबरोबर येतो, पण त्याची शिबिरं भरतात, गाडी गावात येते, आमदार फीत कापतात. अंग बाहेर येण्याचं शिबिर कुठे पाहिलंय? नेपाळमध्ये डोंगरात ओझी वाहणाऱ्या बायकांमध्ये हे दुखणं इतकं, की तिथं लोक न्यायालयात गेले. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा बायकांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचा प्रश्न आहे आणि सरकारनं त्यावर काम केलं पाहिजे. म्हणजे ‘बायकांचं असंच असतं’ यातून तो विषय कोर्टाच्या निकालात गेला. आपल्यापेक्षा गरीब देशात.

आपल्याकडे तर साधनं हाताशी आहेत. सेवाग्राममध्ये डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय उभं केलं आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तिथं मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, मुलं-मुली गावात जाऊन राहतात, घराघरांत जातात. याच रुग्णालयानं आजूबाजूच्या गावांसाठी हंगामाला जवार गोळा करून आरोग्य विमा चालवला, पायलीच्या हिशोबानं! इतक्या जमिनीवरच्या कल्पना जिथं निघाल्या, तिथून आणखी एक निघायला हरकत नाही. आशाताई बाळंतिणीकडे पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देते. बाळाचं वजन घेते, ताप बघते. त्या शेवटच्या भेटीत आईला तीन प्रश्न विचारायचे. खोकताना लघवी सुटते का? खाली जड किंवा गोळा लागतो का? शौचाला, वायू धरायला त्रास होतो का? ‘हो’ आलं तर नाव लिहायचं आणि व्यायाम शिकवायचा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं. पाळी गेलेल्या बायकांनाही हेच. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना संप करावे लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून या तीन प्रश्नांचाही मोबदला वेगळा मिळाला पाहिजे, फुकटात अजून एक रजिस्टर नको. आणि व्यायाम शिकवला म्हणून सरकारचं काम संपलं असंही नको. गुंड डोक्यावरून उतरायला नळ लागतो, चुलीचा धूर थांबायला सिलेंडर भरायचे पैसे लागतात.

घरातल्या पुरुषांशी बोलायचं का, असं एका तरुण मैत्रिणीनं विचारलं होतं. बोलायचं. रात्री ‘डोकं दुखतं’ म्हणून टाळत राहण्यापेक्षा खाली दुखतं हे सांगितलेलं बरं. सगळे नवरे ऐकतात असं नाही, पण न सांगता कुणीच ऐकत नाही. सासूबाईंशी बोलणं मला जास्त सोपं वाटलं आहे. बहुतेक वेळा त्यांनाही तेच असतं.

आता दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं तेवढं लिहून ठेवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, लघवीतून रक्त गेलं, लघवी अडली, थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ असली, किंवा मांड्यांमध्ये, जागेवर एकदम बधिरपणा आला, तर व्यायाम करत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. एरवी जायच्या आधी तीन दिवस कागदावर मांडून ठेवा. किती वेळा लघवीला गेलात, कधी सुटली, काय करताना सुटली, पाणी किती प्यालात. केस पेपर काढताना ‘कंबर दुखते’ सांगू नका, नाहीतर हाडांच्या रांगेत उभं करतील. ‘लघवी सुटते’ किंवा ‘अंग बाहेर येतं’, हेच शब्द सांगा. आतून तपासा म्हणा, खोकायला लावून तपासा म्हणा. ऑपरेशन सांगितलं तर विचारा, व्यायामानं किंवा रिंगनं भागेल का, पिशवी ठेवून करता येईल का, आणि पिशवी काढल्यावर लघवी सुटायची नक्की थांबेल का. उत्तर द्यायला वेळ नसेल तर कागद घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जा. जाताना एकट्या जाऊ नका, जावेला नाहीतर शेजारणीला सोबत घ्या. बहुधा तिलाही दाखवायचं असतं.